टो करून नेलेल्या कारची धडक : क्रेनवाला म्हणतो कारवाल्याला विचारा, कारवाला म्हणतो क्रेनवाल्याला. मदत हवी आहे

निंबोणी :

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

चार महिन्यांपूर्वी माझ्या बाबांना (वय ५४) अपघात झाला. संध्याकाळी सातच्या सुमारास ते चाकणहून भोसरीला स्कूटरवर येत होते. मोशीच्या जवळपास त्यांच्या पुढे एक क्रेन बंद पडलेली कार ओढून नेत होती. क्रेन हळू होती म्हणून बाबा उजवीकडून पुढे जायला निघाले, आणि ती कार एकदम झोकांडी खाल्ल्यासारखी बाहेर आली. बाबा अजून एकच वाक्य पुन्हापुन्हा सांगतात : "गाडीचं तोंड माझ्याकडे होतं गं, मला आधी वाटलं कुणी उलट्या दिशेने येतंय." डाव्या पायाची नडगी दोन ठिकाणी मोडली. रॉड घातलाय.

बाबांचं शिलाईचं दुकान आहे. महिन्याला वीसेक हजार सुटतात, पण सगळं वहीत, रिटर्न कधी भरलेलं नाही. हॉस्पिटलचं बिल २ लाख ८५ हजार झालं, त्यातले २ लाख मेडिक्लेमने दिले. चुलतभावाने दोन दिवसांनी एफआयआर केली. ती फक्त क्रेनच्या ड्रायव्हरवर आहे, कारचा नंबर त्यात नुसता उल्लेख म्हणून आलाय.

क्रेनचा मालक म्हणतो, "माझ्या क्रेनचा ओरखडा तरी आहे का स्कूटरवर? लागली कार." कारच्या मालकाची विमा कंपनी म्हणते, गाडी बंद होती, कुणी चालवतच नव्हतं, आमचा संबंध नाही. आता क्रेनमालक ४० हजार द्यायला तयार आहे, पण स्टॅम्पपेपरवर "यापुढे कसलीही तक्रार नाही" असं लिहून मागतोय. बाबा म्हणतात घेऊन टाकू, कोर्टाच्या पायऱ्या कोण चढणार. रविवारी तो पुन्हा येणार आहे. काय करू?

आडवाटेचा :

सही करू नका. बाकीचं नंतर.

गॅरेजवाला_बापू :

ताई, काका बरोबर सांगतायत, भास नाही तो. कार मागून उचलली असणार, म्हणून तिचं तोंड मागे. मागचं चाक जाम असेल तर तशी उचलतात, त्यात गैर काही नाही. पण मग पुढची चाकं रस्त्यावर राहतात, आणि पुढची चाकं म्हणजे वळणारी चाकं. अशा वेळी स्टेअरिंग लॉक करायचं, नाहीतर सीटबेल्टने किंवा दोरीने आवळून बांधायचं. मोकळं सोडलं की खड्डा आला, क्रेनने जरा लेन बदलली, की चाकं वाट्टेल तिकडे वळतात आणि कारचं नाक पंख्यासारखं झुलतं. आमच्या गॅरेजला रोज दोनतीन गाड्या टो होऊन येतात. घाईत बांधायचं राहून जातं, मी स्वतः ओरडलोय पोरांना.

अपघाताच्या जागेचा फोटो आहे का कुणाकडे? त्यात पुढची चाकं कुठल्या बाजूला वळलेली आहेत एवढंच बघा.

निंबोणी :

बापूदादा, चुलतभावाच्या फोनमध्ये तीन फोटो निघाले. कार मागूनच उचललेली आहे. आणि पुढचं चाक पूर्ण वाकडं वळलेलं दिसतंय! आम्हाला वाटलं होतं धडकेमुळे तसं झालं.

गॅरेजवाला_बापू :

स्कूटरच्या धडकेने कारचं चाक एवढं वळत नाही. फोटो जपा. व्हॉट्सॲपवरून फिरवलेली कॉपी नाही, मूळ फोनमधला.

कोर्टाची_पायरी :

मी वकील नाही. शिवाजीनगरला एका वकिलांकडे सव्वीस वर्षं कारकुनी केली, अपघाताचेच दावे. तेवढ्यावर बोलतो.

बापूंनी जे सांगितलं ते नियमातही आहे. टो होणाऱ्या गाडीची वळणारी चाकं क्रेनने रस्त्यापासून उचललेली तरी हवीत, नाहीतर त्या गाडीच्या ड्रायव्हरच्या सीटवर लायसन्सवाला माणूस तरी बसलेला हवा. दोरीने ओढत असतील तर दोन गाड्यांमधलं अंतर ५ मीटरच्या वर जाता कामा नये आणि मागच्या गाडीवर "ऑन टो" अशी ठळक पाटी लागते. तुमच्या प्रकरणात चाकं खाली, सीट रिकामी. क्रेनवाल्याचा निष्काळजीपणा दाखवायला याहून सरळ गोष्ट क्वचित मिळते.

आता कार की क्रेन हा वाद. तो तुम्ही सोडवायचाच नाही. दाव्यात दोघांनाही ओढायचं : क्रेनचा ड्रायव्हर, मालक, त्यांची विमा कंपनी, आणि कारचा मालक, त्याची विमा कंपनी. कुणी किती द्यायचं ते न्यायाधिकरण (अपघाताच्या भरपाईचं कोर्ट) ठरवेल. "गाडी बंद होती" हे कारणही फार टिकत नाही. कायद्यात शब्द आहे तो गाडीच्या "वापरातून" झालेला अपघात, गाडी "चालवताना" झालेला असा नाही. १९८७ मध्ये आपल्या सातारा जिल्ह्यात हायवेवर ट्रकशी टक्कर होऊन पेट्रोलचा टँकर उलटला होता. काही तासांनी स्फोट होऊन माणसं गेली. तेव्हाही विमा कंपनी हेच म्हणाली की टँकर तर नुसता पडून होता. १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, तोही वापरच. तुमच्या वकिलांना "साताऱ्याचा टँकर" म्हणा, त्यांना कळेल. तरी खरा भार क्रेनवरच येईल असं मला वाटतं, कारण ताबा क्रेनचा होता.

दावा मोटार वाहन कायदा १९८८, कलम १६६ खाली. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. जिथे अपघात झाला तिथे, किंवा तुम्ही राहता तिथे, कुठेही लावता येतो.

आणि तारीख! १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या दिवसापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा अशी मुदत आहे. तुमचे चार गेले. या मुदतीविरुद्ध सुप्रीम कोर्टात याचिका आहेत, आणि तूर्त मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नका असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झालाय. पण अंतरिम ते अंतरिम. त्याच्या भरवशावर झोपू नका.

सुमीत_सासवड :

माझ्या माहितीप्रमाणे आता वेगळा अर्ज करावा लागत नाही, पोलिसच सगळं पाठवतात ना?

कोर्टाची_पायरी :

कागदावर बरोबर. २०२२ च्या नियमांप्रमाणे तपास अधिकाऱ्याने ४८ तासांत पहिला अपघात अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा, १० दिवसांत जखमीला त्याच्या हक्कांचा फॉर्म द्यायचा, ९० दिवसांत सविस्तर अहवाल. तो अहवाल दाव्याचा अर्ज म्हणून धरता येतो. पण निंबोणीताई, तुम्हाला असा कुठला फॉर्म मिळाला का? नसेल तर पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, पोचेवर शिक्का घ्या, आणि अहवालाची प्रत मागा. स्वतःचा अर्ज मात्र वकिलाकडून लावाच. पोलिसांनी फक्त क्रेनचं नाव पाठवलं तर कार बाहेर राहील.

निंबोणी :

नाही हो काका, काहीच मिळालं नाही. एफआयआरची प्रत तेवढी आहे, त्यात बीएनएस (भारतीय न्याय संहिता) २८१ आणि १२५(ब) लिहिलंय. क्रेनमालक असंही म्हणतोय की त्याच्या ड्रायव्हरकडे साधं कारचंच लायसन्स आहे, म्हणून विमा कंपनी एक पैसा देणार नाही, त्यामुळे ४० हजार घ्या आणि सुटा. हे खरं आहे का?

कोर्टाची_पायरी :

हा डाव जुना आहे. गाडीचं एकूण वजन ७५०० किलोपर्यंत असेल तर साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ती व्यावसायिक गाडीही चालवता येते, नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने ते पक्कं केलं. क्रेन त्याहून जड निघाली तरी न्यायाधिकरणं बहुतेक वेळा विमा कंपनीला सांगतात, आधी जखमीला द्या आणि मग मालकाकडून वसूल करा. म्हणजे घाबरायचं कुणी, तर मालकाने. ४० हजारांची घाई त्याला का आहे ते आता लक्षात आलं असेल.

क्रेनचा नंबर एमपरिवहन ॲपवर टाका, विमा कधीपर्यंत आहे ते दिसतं. स्क्रीनशॉट काढून ठेवा.

चिंचगूळ :

२८१ म्हणजे बेदरकार चालवणं आणि १२५(ब) म्हणजे त्यातून गंभीर दुखापत. फौजदारी खटला आणि भरपाईचा दावा हे दोन वेगळे रस्ते आहेत, एकाचा निकाल लागेपर्यंत दुसऱ्याने थांबायचं नसतं. पोलीस स्टेशनात "केस मिटवली की भरपाई मिळेल" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

मला विचारायचंय, दोष सिद्ध न करता मिळणारी रक्कम असते ना? ती आधी घेऊन मग मोठा दावा लढवता येईल?

कोर्टाची_पायरी :

चांगला प्रश्न, आणि इथेच लोक फसतात. कलम १६४ खाली गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला पाच लाख, चूक कुणाची हे न पाहता. पण ती तडजोडीने स्वीकारली की १६६ चा दावा संपतो. पूर्वीच्या कायद्यात छोटी रक्कम घेऊन मोठा दावा चालू ठेवता यायचा, त्यामुळे जुने लोक अजून तसंच सांगतात.

निंबोणीताईंसाठी ढोबळ हिशेब करतो. वर्षाच्या कमाईला वयाप्रमाणे ज्याने गुणतात तो गुणक, वय ५४ ला ११ (२००९ च्या निकालातला तक्ता, वकील त्याला "सरला वर्मा" म्हणतात). महिना २० हजार म्हणजे वर्षाला २ लाख ४० हजार, गुणिले ११, झाले २६ लाख ४० हजार. कामाची क्षमता ३० टक्के गेली असं धरलं तर ७ लाख ९२ हजार. स्वतःचा धंदा आणि वय पन्नास ते साठ, म्हणून भविष्यातल्या वाढीचे १० टक्के धरले तर ८ लाख ७१ हजार २००. उपचार, वेदना, घरी बसलेले महिने हे वेगळं. ३० टक्के हा माझा अंदाज, आकडा कमीही येईल. विरुद्ध बाजू म्हणेल ओव्हरटेक करताना काकांचीही चूक होती. मानली गेली तर तेवढा हिस्सा वजा होतो, दावा बुडत नाही. तरी ४० हजार कुठे आणि हे कुठे.

मेडिक्लेमचे २ लाख वजा होतील या भीतीने बिलं लपवू नका. अशी रक्कम भरपाईतून कापायची नाही, असा मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाचा मार्च २०२५ चा निर्णय आहे.

एक विचारतो. काका पायमशीन वापरतात का?

निंबोणी :

हो. मोटर लावून दिली होती, पण त्यांना पायाचाच वेग जमतो. कॉलर आणि काज-बटणाला तर मोटर नकोच म्हणतात. आता डावा पाय पायट्यावर ठेवला की दहा मिनिटांत घोटा सुजतो. डॉक्टर म्हणाले, अपंगत्व फार तर १५ टक्के.

कोर्टाची_पायरी :

हेच हवं होतं. डॉक्टरांचे १५ टक्के शरीराचे. न्यायाधिकरण बघतं ते कमाईवर काय परिणाम झाला ते, २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने तसंच सांगितलंय. बँकेतल्या माणसाचा घोटा आणि शिंप्याचा घोटा एक नाही. दुकानाची वही, कापड दुकानाच्या पावत्या, तीनचार कायमची गिऱ्हाईकं साक्षीला. काकांना मशीनवर बसवून एक व्हिडिओ काढा, पण त्रास होईपर्यंत बसवू नका.

सुमीत_सासवड :

थोडं विषयांतर. माझा मावसभाऊ टोइंगच्या टेम्पोवर बाइक उचलायला होता. मागच्या फळीवर लटकून जाताना पडला, मनगट गेलं. ठेकेदार म्हणतो तू माझ्याकडे नोकरीलाच नव्हतास. त्याला हेच लागू?

कोर्टाची_पायरी :

त्याच्याकडे दोन वाटा. कर्मचारी भरपाई (आधी १९२३ चा कायदा होता, नोव्हेंबर २०२५ पासून त्याजागी सामाजिक सुरक्षा संहिता आली), किंवा मोटार अपघात दावा. दोन्हींतून पैसे मागता येत नाहीत, कलम १६७ प्रमाणे एक निवडावी लागते. नेमणूकपत्र नसलं तरी फोनपेवर आलेला पगार, टेम्पोवरचे फोटो, सोबतची पोरं, हे सगळं चालतं. वेगळा धागा काढा, इथे गुंता होईल. कामगार असल्यामुळे त्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळू शकतो. कोर्टाच्या आवारातच ऑफिस असतं, फोन १५१००.

निंबोणी :

सगळ्यांचे खूप आभार. बाबांना धागा वाचून दाखवला. "बँकेतल्या माणसाचा घोटा" ऐकून चार महिन्यांत पहिल्यांदा हसले. रविवारी क्रेनमालक आला की चहा देईन आणि सही नाही म्हणून सांगेन. सोमवारी पोलीस ठाण्यात अर्ज, मंगळवारी वकिलांकडे जातेय.

एकच राहिलं. स्कूटर अजून तशीच दुकानामागे पडून आहे, आई म्हणते भंगारात देऊन टाक. देऊ का?

गॅरेजवाला_बापू :

अजिबात नको! डाव्या बाजूला कारचा रंग लागला असेल. पुसू पण नका. ताडपत्री टाका, पाऊस येतोय.