मदत हवी आहे: डिस्टन्स एमबीए करताना मान्यता बघू की नाव?

कॅलिपर

नमस्कार मंडळी,

चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला आहे. बीएस्सी फिजिक्स झालं आणि लगेच नोकरीला लागले, पुढचं शिक्षण राहूनच गेलं. आता असिस्टंट मॅनेजरची जागा निघतेय आणि पॉलिसीत लिहिलंय, "मान्यताप्राप्त विद्यापीठाची व्यवस्थापन विषयातील पदव्युत्तर पदवी किंवा समकक्ष". ते 'किंवा समकक्ष' डोक्यातून जात नाहीये.

नोकरी सोडून दोन वर्षं कॉलेजला बसणं शक्य नाही. मुलगा दुसरीत, शिफ्ट फिरती, घराचा हप्ता चालू. म्हणजे डिस्टन्स किंवा ऑनलाइनच. समोर चार पर्याय आहेत.

इग्नू: पूर्ण एमबीएची फी साठ-पासष्ट हजारांच्या घरात. ऑफिसात नाव काढलं की "इग्नू काय, कोणीही करतं" हे ठरलेलं वाक्य.

दुसरं एक खासगी विद्यापीठ, ऑनलाइन एमबीए, पावणेदोन लाख. जाहिरातीत यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग), एआयसीटीई (तंत्रशिक्षण परिषद), नॅक, एनआयआरएफ (सरकारी क्रमवारी), डब्ल्यूईएस असे सगळे शिक्के ओळीने मांडलेत.

तिसरी, एका नावाजलेल्या संस्थेची डिस्टन्स पीजीडीएम. हे नाव ऐकून साहेब खूश झाले. पण तो डिप्लोमा आहे, पदवी नव्हे.

आणि चौथा, एका अ‍ॅपवाल्या कंपनीमार्फत युरोपातल्या विद्यापीठाचा 'ग्लोबल एमबीए', एका वर्षात. ईएमआयसुद्धा तेच लावून देतात.

खासगीवाल्यांच्या काउन्सेलरचे रोज फोन. "मॅम, स्कॉलरशिप आज रात्री बारापर्यंतच आहे." (ही रात्र गेल्या महिन्यापासून संपलेली नाही.) त्याला विचारलं, तुमचा कोर्स यूजीसीच्या डीईबीच्या यादीत कुठे दिसतो ते दाखवा. तर म्हणतो, "मॅम, आपल्याला नॅक ए प्लस प्लस आहे, मग डीईबी ऑटोमॅटिक येतं." येतं का असं?

आधी काय बघायचं, आणि नावाला किती किंमत द्यायची? ज्यांनी केलंय किंवा जे रेझ्युमे वाचतात त्यांनी कृपया सांगा. 'एमबीएच कशाला' हा सल्ला घरून मिळालेला आहे, तो नको.

---

दप्तरी

'ऑटोमॅटिक' वाचून करमणूक झाली. एका विद्यापीठाच्या कार्यालयात नोकरी केली आहे, म्हणून थोडं लांबून सांगतो.

नॅक १९९४ साली स्थापन झालं, मुख्यालय बेंगळुरूला. ते अख्ख्या विद्यापीठाचं मूल्यांकन करून श्रेणी देतं: इमारती, ग्रंथालय, संशोधन, प्राध्यापक वगैरे. अमुक अभ्यासक्रम डिस्टन्सने चालवा अशी परवानगी नॅक देत नाही. ते काम यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोचं, म्हणजे डीईबीचं. गोंधळ होतो तो यामुळे की यूजीसीच्या २०२० च्या नियमांत डिस्टन्स शिक्षण द्यायला पात्र ठरण्यासाठी नॅकचा ४ पैकी किमान ३.०१ गुणांक किंवा एनआयआरएफमध्ये पहिल्या शंभरात स्थान, अशी अट आहे. पण पात्र असणं आणि तुमच्या सत्राला, तुमच्या कोर्सला, तुमच्या पद्धतीत मान्यता असणं यात फरक आहे.

तेव्हा डीईबीच्या संकेतस्थळावर जाऊन ज्या सत्रात प्रवेश घेणार त्याच सत्राची यादी उघडा. जानेवारीची वेगळी, जुलैची वेगळी. डिस्टन्सची वेगळी, ऑनलाइनची वेगळी. त्यात विद्यापीठाचं नाव सापडलं म्हणून खिडकी बंद करू नका, त्याच्या पुढे कोर्सची नावं असतात ती वाचा. बीकॉमला मान्यता आहे आणि एमबीएला नाही, ही परिस्थिती मी टेबलावरून पाहिलेली आहे. माहितीपत्रकात यादीचा फोटो दिला असेल तर तो कुठल्या वर्षाचा ते बघा. प्रवेशाला मनाई केलेल्या संस्थांची यादीही तिथेच असते.

सापडली की ती यादी पीडीएफ करून ठेवा, मार्कशीटच्या फाइलमध्येच. २०१३ पर्यंत हे काम इग्नूच्या अखत्यारीतली डिस्टन्स एज्युकेशन कौन्सिल बघायची. ती बरखास्त झाली, आणि त्या काळात पदवी घेतलेले लोक पुढे कित्येक वर्षं 'आमच्या वेळी मान्यता होती' याचं पत्र शोधत फिरत होते.

हे कागदी खूळ वाटत असेल तर ३ नोव्हेंबर २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आठवा. चार अभिमत विद्यापीठांनी योग्य परवानगीशिवाय डिस्टन्सने इंजिनिअरिंगच्या पदव्या दिल्या होत्या. २००१ ते २००५ च्या तुकड्यांच्या पदव्या स्थगित झाल्या, त्यांना एआयसीटीईची परीक्षा देऊन वाचण्याची संधी मिळाली. नंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या सरळ रद्द. तोवर यातल्या किती जणांना त्या पदवीवर बढत्या मिळून गेल्या असतील, विचार करा. विद्यापीठं खरी होती, जाहिराती खऱ्या होत्या, वर्गही झाले होते.

डब्ल्यूईएसचं म्हणाल, तर ती कॅनडा-अमेरिकेला जाणाऱ्यांच्या पदव्यांचं तिकडच्या हिशेबाने मूल्यमापन करून देणारी संस्था. चाकणला तिचा काय उपयोग ते जाहिरातवाल्यालाच ठाऊक.

---

शेवगा

युरोपवालं आधी यादीतून काढा. परदेशी विद्यापीठाची पदवी अ‍ॅप कंपनीच्या भागीदारीत ऑनलाइन विकणं यूजीसीला मान्य नाही, डिसेंबर २०२३ मध्ये त्यांनी तशी जाहीर सूचना काढली होती. माझ्या मावसभावाने असंच एक केलं. कोर्स वाईट नव्हता, पण सरकारी बँकेच्या फॉर्ममध्ये 'पदव्युत्तर' रकान्यात काय लिहायचं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

---

कॅलिपर

@शेवगा, त्याला एएमबीए की कायसं मानांकन आहे म्हणतात?

---

शेवगा

एएमबीए, एएसीएसबी, इक्विस ही बिझनेस स्कूलची आंतरराष्ट्रीय मानांकनं आहेत, आणि जिथे खरोखर असतात तिथे दर्जा चांगला असतो. लंडनला नोकरी शोधणार असाल तर विचार करा. भारतात त्यांनी कायदेशीर मान्यता येत नाही. शिवाय मानांकन नेमकं कुणाला मिळालंय ते बघा, पदवी देणाऱ्या शाळेला की भलत्याच भागीदाराला. बऱ्याचदा तिथेच मेख असते.

---

भोसरीची_एचआर

रेझ्युमे वाचणाऱ्यांनी सांगा म्हणालात म्हणून लिहिते. याच पट्ट्यात एचआरला आहे, कंपनी वेगळी.

ताई, तुमचा प्रश्न जगातल्या एचआरचा नाही, तुमच्या एका एचआरचा आहे. तुम्हाला नोकरी बदलायची नाही, बढती हवी आहे. तेव्हा 'समकक्ष' म्हणजे काय हे तुमच्या कंपनीला विचारा, आणि तोंडी नको, मेलवर. साधंच लिहा: "अमुक संस्थेचा दूरस्थ पद्धतीचा पीजीडीएम आपल्या पॉलिसीतील 'समकक्ष' या अटीत बसतो का? अमुक विद्यापीठाचा ऑनलाइन एमबीए बसतो का?" चहाच्या टपरीवर साहेब "बसतंय गं, कर तू" म्हणाले आणि बढतीच्या वेळी त्यांची बदली झालेली, असं होतं.

पीजीडीएमबद्दल. पदवी देण्याचा अधिकार यूजीसी कायद्याप्रमाणे विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना आणि संसदेने तो अधिकार दिलेल्या संस्थांना. म्हणून स्वायत्त संस्था डिप्लोमा देतात, त्याला परवानगी एआयसीटीईची लागते. काही संस्थांच्या पीजीडीएमला एआययू, म्हणजे भारतीय विद्यापीठ संघ, एमबीएची समकक्षता देतो. पण पूर्णवेळ पीजीडीएमला समकक्षता आहे म्हणून त्याच संस्थेच्या डिस्टन्सवाल्याला असेलच असं नाही. त्यांच्याकडून त्याच कोर्सचं पत्र मागा. पत्राऐवजी लिंक, ब्रोशर, 'आमचे माजी विद्यार्थी अमुक कंपनीत आहेत' असलं काही आलं तर समजून घ्या. पुढे पीएचडी किंवा सरकारी जागा मनात असेल तर पदवीच घ्या.

नावाचं खरं सांगू? शॉपफ्लोअरवरून आलेल्या माणसाच्या रेझ्युमेत मी आधी काय हाताळलंय ते बघते: कस्टमर ऑडिट, रिजेक्शन, सप्लायर. डिस्टन्स एमबीएचा कॉलम मी 'आहे-नाही' एवढाच बघते. तिथे कुठलं विद्यापीठ हे वाचून मी कुणाला बोलावलंय किंवा गाळलंय असं आठवत नाही. कॅम्पसच्या एमबीएला नावाची जी किंमत मिळते ती प्रवेश परीक्षेच्या चाळणीची असते. डिस्टन्सला ती चाळणी नाही, तर मोठ्या नावाच्या डिस्टन्स शाखेला तीच किंमत कशी मिळणार? एनआयआरएफमधलं स्थानही मुख्यतः कॅम्पसच्या जिवावरच असतं.

पार्श्वभूमी पडताळणीत एजन्सी विद्यापीठाकडे सीट नंबर आणि वर्ष पाठवते. तिथून उत्तरच येत नाही, ही डोकेदुखी मात्र खरी. परीक्षा विभाग लवकर उत्तर देतो का हे कुठल्याच जाहिरातीत नसतं.

---

रातपाळी

एचआर मॅडमशी पूर्ण सहमत नाही. मी खासगीतूनच ऑनलाइन केलं, यादीत होतं, बघूनच घेतलं. शनिवार-रविवारी लाइव्ह लेक्चर, रेकॉर्डिंग, शंका विचारायला माणूस. माझ्यासोबत इग्नूला नाव घातलेले दोघं मित्र दुसऱ्या सेमिस्टरलाच गळाले. जास्तीचे लाख रुपये नावाला दिले असं मी म्हणत नाही, कुणीतरी मागे लागण्याला दिले. ज्याला स्वतःहून बसायची सवय नाही त्याने स्वस्तात अर्धवट करण्यात काय हशील?

---

कॅलिपर

@रातपाळी, मुद्दा पटतो. मी स्वतःहून बसणारी आहे असं मला वाटतं, घरच्यांचं मत वेगळं आहे. 😄

---

मुक्ताईनगरकर

इग्नूतून एमबीए, नोकरी करून. "कोणीही करतं" म्हणणाऱ्यांना एक परीक्षा देऊन बघायला सांगा. प्रवेश कोणालाही मिळतो, हे खरं. बाहेर पडणं वेगळं.

आताचा एमबीए २०२१ मध्ये एआयसीटीईच्या मान्यतेने नव्या रूपात सुरू झाला. चार सेमिस्टर, पहिल्या दोन्हींत सात-सात विषय. असाइनमेंटला ३० टक्के, सत्रांत परीक्षेला ७० टक्के. परीक्षा जून आणि डिसेंबरला. शेवटी प्रोजेक्ट, तो मात्र दमवतो: आधी गाइड शोधा, त्याची सही घ्या, प्रस्ताव मंजूर करून घ्या. क्वालिटीत आहात तर ऑपरेशन्स घ्या, प्रोजेक्टचा विषय तुमच्याच लाइनवर सापडेल.

तुमच्यासारख्यांना खरा त्रास शिफ्टचा. परीक्षेचं वेळापत्रक महिनाभर पसरलेलं असतं, सुट्टी एकगठ्ठा टाकून चालत नाही. सात पेपर एका झटक्यात काढायच्या फंदात पडू नका, कमाल मुदत चार वर्षांची आहे. असाइनमेंट जमा केल्याची पोच सांभाळा, पुढे गुण चढले नाहीत की तीच कामाला येते. निकाल उशिरा लागतात, तेव्हा बढतीची तारीख आणि निकालाची तारीख यात भरपूर अंतर ठेवा.

आणि दर्जाचं म्हणाल तर २०२४ पासून एनआयआरएफमध्ये मुक्त विद्यापीठांचा वेगळा गट आहे, त्यात पहिलं नाव इग्नूचंच आलं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठही बघून घ्या, १९८९ पासूनचं आहे. अर्थात दप्तरी म्हणतात तशी यादी तपासूनच.

---

कॅलिपर

सर्वांचे आभार. अपडेट देते.

एचआरला मेल टाकला. उत्तर आलं: विद्यापीठाची पदवी, डिस्टन्स किंवा ऑनलाइन चालेल, यूजीसीची मान्यता प्रवेशाच्या सत्रात असली पाहिजे. डिस्टन्स डिप्लोमा 'समकक्ष' धरणार नाहीत. म्हणजे साहेबांची आवडती संस्था गेली. युरोप आधीच गेला होता.

डीईबीची यादी काढली. इग्नूचा एमबीए आहे. खासगीवाल्यांचं विद्यापीठ ऑनलाइनच्या यादीत आहे, एमबीएही आहे. काउन्सेलरला ते पानच पाठवलं, तर म्हणाला, "मॅम, हे मलाही फॉरवर्ड करा ना, बाकी स्टुडंट विचारतात." आता हसावं की रडावं!

दोन्ही मान्य आहेत म्हटल्यावर लाखभर जास्त देऊन मला वेगळं काय मिळणार, एवढाच प्रश्न उरला. एचआर ताईंचं वाचून नावाची भीड गेली. रातपाळी म्हणतात तसं मागे लागणारं माणूस घरातच आहे. इग्नूचा फॉर्म भरायला घेतेय.

आता नवीन अडचण. प्रवेशासाठी डीईबी आयडी लागतो, त्याला एबीसी आयडी (शैक्षणिक क्रेडिटच्या खात्याचा क्रमांक), तो आधारवरून निघतो. आधारवर माझं लग्नानंतरचं नाव, बीएस्सीच्या मार्कशीटवर माहेरचं. गॅझेट केलेलं नाही. काय करू?

---

दप्तरी

विवाह नोंदणीचा दाखला आहे ना? तो जोडून पाहा, आणि फॉर्म भरायच्या आधी पुण्याच्या रिजनल सेंटरला विचारून घ्या. पण गॅझेट करूनच टाका. शासनाच्या राजपत्राचा अर्ज ऑनलाइन होतो. पदवीवर एक नाव, पगारपत्रकावर दुसरं असलं की पडताळणीवाला तिथेच अडतो. अर्जात जुनं नाव मार्कशीटवरचं अक्षरन् अक्षर टाका, वडिलांच्या नावासकट.

---

भोसरीची_एचआर

+१. आणि एचआरचं ते उत्तर प्रिंट काढून ठेवा ताई, मेलबॉक्स कंपनीचा असतो.