लीज संपेपर्यंत राउटर थांबत नाही

इंटरनेट कंपनी राउटरला आयपी पत्ता (नेटवरची त्याची ओळख) ठरावीक मुदतीसाठी देते, ती मुदत म्हणजे लीज. लीज २४ तासांची, म्हणून रोज एकदा नेट तुटणारच, असं कुणी म्हटलं तर ते पटत नाही. अर्धी मुदत, म्हणजे १२ तास झाले की राउटर पत्ता देणाऱ्या सर्व्हरलाच गुपचूप विचारतो, 'हाच ठेवू ना?' होकार आला की मुदत नव्याने सुरू. उत्तर नाही आलं तर पुन्हा विचारतो. ८७.५ टक्के, म्हणजे २१ तास उलटले की मात्र जो कुणी सर्व्हर ऐकेल त्याला हाक मारतो. तिथेही सामसूम असेल तरच २४ तासांनी पत्ता सोडायचा. (हे डीएचसीपीचे, म्हणजे आपोआप पत्ते वाटायच्या पद्धतीचे, मूळ आकडे, सर्व्हर वेगळे देऊ शकतो.)

आमच्याकडे फोंड्यात पावसाळ्यात वीज जाते-येते, राउटर बिचारा दिवसातून चारदा झोपून उठतो. तरी पत्ता सहसा तोच. राउटर विसरला तरी सर्व्हरच्या वहीत त्याच्या मॅक पत्त्यापुढे (यंत्राच्या ओळख क्रमांकापुढे) जुनी नोंद सहसा असते.

पीपीपीओई (युजरनेम-पासवर्ड देऊन नेट जोडायची पद्धत) असेल तर मात्र हे सगळं विसरा, तिथे सेशन तुटलं की बहुधा पत्ताही गेला. तुमच्या राउटरच्या सेटिंगमध्ये वॅन (बाहेरच्या नेट जोडणीच्या) पानावर काय दिसतंय, डायनॅमिक आयपी (म्हणजे डीएचसीपी) की पीपीपीओई?