गुंतागुंत झाली की डॉक्टरांनी गप्प बसावं का? पॉलिसीतलं कलम आणि आपली समजूत

दावेदप्तर (धागाकर्ता)

सार्वजनिक क्षेत्रातल्या एका विमा कंपनीत डॉक्टरांच्या प्रोफेशनल इंडेम्निटीचे (उपचारात चूक झाल्याच्या दाव्यांपासून संरक्षण देणाऱ्या विम्याचे) क्लेम बघण्यात माझी बरीच नोकरी गेली, आता निवृत्त आहे. मध्यंतरी डॉक्टरांच्या एका कार्यक्रमात वक्ते वकील सांगत होते, "काही विपरीत घडलं की नातेवाइकांशी एक अक्षर बोलायचं नाही. तुमची पॉलिसीच तसं सांगते." सभागृहात माना डोलल्या. पॉलिसी तसं सांगत नाही, म्हणून हा धागा.

कलम काय आहे? कंपनीच्या लेखी संमतीशिवाय जबाबदारीची कबुली, पैशांचा देकार, वचन किंवा भरपाई देऊ नये. बस. "रक्तस्राव थांबेना म्हणून गर्भाशय काढावं लागलं, पेशंट आयसीयूत आहेत, पुढचे चोवीस तास नाजूक आहेत" हे सांगणं म्हणजे कबुली नव्हे, ती माहिती आहे आणि तिच्यावर नातेवाइकांचा हक्क आहे. डॉक्टरांनी सांगितली नाही तर वॉर्डबॉय सांगतो, आणि तो सांगतो ते तिखटमीठ लावूनच.

याच पॉलिसीत दुसरं एक कलम आहे, ते मात्र कुणी वाचत नाही. पुढे दावा होऊ शकेल अशी घटना घडली, तर तेव्हाच कंपनीला लेखी कळवा, असं ते सांगतं. या पॉलिसी 'क्लेम्स मेड' प्रकारच्या असतात. दावा ज्या वर्षी येतो त्या वर्षीची पॉलिसी लागू होते. घटना आधीच कळवलेली असेल, तर दावा नंतर आला तरी तो कळवलेल्या वर्षात धरतात. प्रत्यक्षात बहुतेक डॉक्टर कंपनीला कळवतात कधी, तर ग्राहक आयोगाची नोटीस हातात पडल्यावर, आणि तीही ड्रॉवरमध्ये पंधरा दिवस मुरल्यावर. लेखी उत्तराला ३० दिवस आणि वर जास्तीत जास्त १५. त्यापुढे आयोगाला मुदत वाढवताच येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये हिली मल्टिपर्पज प्रकरणात पक्कं केलं. कंपनीने पॅनेलचा (आपल्या यादीतला) वकील नेमेपर्यंत निम्मी मुदत गेलेली असते.

एक फाइल सांगतो. सिझेरियननंतरची रात्र. रात्री दहा ते सकाळी सहा, दर तासाला बीपीची नोंद. सगळीकडे १२०/८०, नाडी ८०. एकच पेन, एकच अक्षर, आकडे पट्टी लावल्यासारखे एकाखाली एक. सव्वासहाला पेशंट शॉकमध्ये, म्हणजे बीपी कोसळलेलं. वाईट याचं वाटतं की डॉक्टर मध्यरात्री खरोखर येऊन पेशंटला तपासून गेले होते, औषधही बदललं होतं. त्याची ओळसुद्धा कागदावर नव्हती. खरं केलेलं काम नोंदवलं नाही आणि न घेतलेलं बीपी नोंदवलं. त्यात नातेवाइकांना केसपेपर मागूनही मिळाले नव्हते. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांत ते द्यायचे असतात. आमच्या पॅनेल वकिलांनी फाइल चाळली आणि "तडजोड बघा" म्हणाले.

माझं म्हणणं असं की क्लेम जन्माला येतो तो ऑपरेशनच्या टेबलावर कमी आणि त्यानंतरच्या दोन दिवसांत जास्त.

---

सर्जन_लातूरकडचा

काका, लिहिलंय चांगलं, पण ऑफिसात बसून. माझं पंधरा खाटांचं हॉस्पिटल आहे. पेशंट दगावला की आयसीयूच्या दारात पाच नातेवाईक असतात, अर्ध्या तासात पन्नास होतात. त्यातल्या तिघांच्या खिशात मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू असतं आणि एक जण गावचा पुढारी असतो. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा कायदा राज्यात २०१० पासून आहे, पण दगड पडतात तेव्हा कायदा वाटेत असतो. अशा वेळी मी "काय घडलं ते सविस्तर" सांगत बसू? "अपेक्षेपेक्षा जास्त ब्लीडिंग झालं" एवढंच वाक्य क्लिपमध्ये उरतं आणि रात्री तालुकाभर फिरतं.

आणि जोखीम व्यवस्थापन म्हणाल, तर विमा कंपनीचा माणूस आजवर माझी ओटी (ऑपरेशन थिएटर) बघायला आलेला नाही. प्रीमियम ठरतो डॉक्टरच्या वैद्यकीय शाखेवर आणि विम्याच्या रकमेवर. नोंदी नीट ठेवणारा आणि १२०/८० छापणारा, दोघांना एकच दर. मग कंपनी कसली जोखीम सांभाळते? चेक घेते.

---

निशिगंधा

माझे वडील साध्या हर्नियाच्या ऑपरेशननंतर गेले. आम्ही केस केली नसती. आई तीन वेळा डॉक्टरांच्या केबिनबाहेर जाऊन बसली, "नेमकं काय झालं" एवढंच विचारायला. तिन्ही वेळा "सर ओटीत आहेत". चौथ्या वेळी रिसेप्शनवरून डिस्चार्ज फाइलऐवजी हॉस्पिटलच्या वकिलांचं कार्ड मिळालं. त्या दिवशी भावाने वकील गाठला.

सर्जनसाहेब, पन्नास जण जमतात हे खरं. पण त्यातल्या एकाला आधीपासून रोज नीट सांगितलेलं असेल, तर तोच बाकीच्या एकोणपन्नास जणांना आवरतो. आमच्याकडे ते काम मामाने केलं असतं.

---

अ‍ॅड_मिरज

मी त्या वक्त्या वकिलांच्या बाजूचा. धागाकर्त्यांनी पॉलिसीचं कलम बरोबर सांगितलंय, पण गप्प राहण्याचा सल्ला आम्ही पॉलिसीसाठी देत नाही, पोलीस स्टेशनसाठी देतो. निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली नोंदणीकृत डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाने डॉक्टरवर फौजदारी कारवाईसाठी गंभीर निष्काळजीपणा आणि तज्ज्ञाचं मत या अटी घातल्या, म्हणून पोलीस ससूनच्या किंवा सिव्हिल सर्जनच्या समितीकडे कागद पाठवतात. पण त्या कागदांना नातेवाइकाचा जबाब जोडलेला असतो, "डॉक्टर स्वतः म्हणाले की उशीर झाला". इंडेम्निटी पॉलिसी दिवाणी भरपाई देते. कैद कुणी भोगून देत नाही, आणि फौजदारी बचावाचा खर्चही साध्या पॉलिसीत सहसा नसतो.

दुसरं, ग्राहक आयोगात बहुतेक काम शपथपत्रांवर चालतं. सविस्तर उलटतपासणी क्वचित. दिवाणी कोर्टात ज्या क्लिपचा मी अर्ध्या तासात भुगा करीन, ती आयोगात तशीच्या तशी वजनदार राहते.

बाकी ७२ तास आणि केसपेपर याबाबत पूर्ण सहमत. मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितलंय की केसपेपरवर नातेवाइकांपासून गुप्तता पाळता येत नाही. तरी अजून अशिलांना समजवावं लागतं.

---

गॅसमॅन

भूलतज्ज्ञ. दिवसाला चार नर्सिंग होम फिरतो. 'बोला, बोला' म्हणणाऱ्यांना एक प्रश्न: बोलणार कोण आणि कुणाबद्दल? टेबलवर काही झालं की सर्जन बाहेर जाऊन काय सांगतो ते सगळ्या भूलतज्ज्ञांना पाठ आहे: "भूल सहन झाली नाही." एका वाक्यात सर्जन मोकळा आणि मी दोन नंबरचा सामनेवाला. तेव्हा मी तिसऱ्या गावात दुसऱ्या पेशंटच्या पाठीत सुई घालत असतो. संवाद जरूर करा, पण मला बाजूला उभं करून. नाहीतर गप्प बसलेलं परवडलं.

पॉलिसीबद्दल एजंट सांगत नाहीत ते दोन शब्दांत सांगतो. "५० लाखांची पॉलिसी" वर्षाची असते. एका घटनेची मर्यादा वेगळी. एका घटनेची मर्यादा आणि वर्षाची मर्यादा यांचं गुणोत्तर १:४ असेल तर एका घटनेला साडेबारा लाखच, आणि वकिलाची फी सहसा त्यातूनच. दुसरं, स्वस्त मिळाली म्हणून कंपनी बदलताना जुनी रेट्रोॲक्टिव्ह तारीख (जिच्यानंतरच्या उपचारांनाच संरक्षण मिळतं ती) नव्या पॉलिसीत तशीच लिहून घ्या. ती पुढे सरकली की मागची सगळी वर्षं उघडी. माझ्या एका मित्राला हे नोटीस आल्यावर कळलं.

---

डेट्रॉइटवाला_देशमुख

इथे मिशिगनमध्ये हॉस्पिटलच्या क्वालिटी विभागात आहे. मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयाने २००१ च्या सुमारास धोरण बदललं. आधी आपण चौकशी करायची, चूक असेल तर स्वतःहून सांगायची आणि भरपाई द्यायची, चूक नसेल तर ठामपणे लढायचं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दावे, खटले आणि मिटवायला लागणारा वेळ, तिन्ही घटलेले दिसले. शिवाय इथे बऱ्याच राज्यांत दिलगिरीचे शब्द कोर्टात डॉक्टरविरुद्ध वापरता येत नाहीत. मॅसॅच्युसेट्सने तसा कायदा १९८६ मध्येच केला. आपल्याकडे हे का होऊ नये?

---

सर्जन_लातूरकडचा

देशमुखसाहेब, तुमचं ते हॉस्पिटल स्वतःच स्वतःचा विमा उतरवतं आणि डॉक्टर पगारी. चूक कबूल केली तर पैसे संस्था देते, डॉक्टरच्या घरावर टाच येत नाही. इथे डॉक्टर मीच, मालक मीच, विमेदार मीच, आणि हॉस्पिटलच्या कर्जाला बायको जामीन. मी प्रामाणिकपणे "चुकलं, भरपाई देतो" म्हणालो तर कंपनी त्याच कलमावर बोट ठेवून हात वर करेल. तुमच्या तिकडच्या डॉक्टरच्या नावावर पैसे दिले गेले तर राष्ट्रीय डेटा बँकेत (डॉक्टरांच्या नावावर दिलेल्या भरपाईच्या नोंदवहीत) नोंद होते ना? मग तिथले डॉक्टर तरी किती आनंदाने तडजोड करतात, तेही सांगा.

---

डेट्रॉइटवाला_देशमुख

नोंद होते, आणि म्हणून डॉक्टर तडजोडीला नाखूष असतात हेही खरं. संस्थेच्या नावाने मिटवून व्यक्तीचं नाव मागे ठेवण्याची धडपड इथेही चालते.

---

बिनविम्याचा

मूळ रोग विमाच आहे. १९९५ मध्ये व्ही. पी. शांता निकाल लागला, डॉक्टर ग्राहक कायद्यात आले, मागोमाग विमा कंपन्या दुकान मांडून बसल्या. पॉलिसी आहे हे कळलं की दावा फुगतो. मी पॉलिसी घेत नाही, नोटीस येत नाही.

---

दावेदप्तर

@बिनविम्याचा: तक्रारदाराला पॉलिसी आहे की नाही हे तक्रार करताना बहुधा माहीतच नसतं. डॉक्टरच्या उत्तरातून कळतं, मग कंपनीला सामील करतात. नोटीस येत नाही ते तुमचं नशीब आणि कदाचित तुमचा स्वभाव. त्यात विमा नसण्याचा हात नाही. आयोगाच्या आदेशाविरुद्ध राज्य आयोगात अपील करायचं तर निम्मी रक्कम आधी भरावी लागते, एवढं लक्षात असू द्या.

@अ‍ॅड_मिरज: फौजदारीचा मुद्दा वजनदार आहे, मानतो. पण तुमचं उदाहरणच बघा, "उशीर झाला" हा निष्कर्ष आहे. मी निष्कर्ष सांगा म्हणत नाही. काय दिसलं, काय केलं, आता काय चाललंय आणि पुन्हा किती वाजता भेटू, एवढं सांगायचं. का घडलं हे त्या रात्री डॉक्टरलाही पक्कं माहीत नसतं, मग बोलायचं कशाला? आणि जे सांगितलं ते केसपेपरवर वेळ घालून लिहायचं, ऐकणाऱ्याचं नाव आणि नातं यांसह. क्लिप आणि केसपेपर जुळले की क्लिप तुमचीच साक्षीदार.

@गॅसमॅन: तुमचं म्हणणं मूळ धाग्यात यायला हवं होतं. मी असे क्लेम पाहिलेत जिथे सर्जनची कंपनी एक, भूलतज्ज्ञाची दुसरी, हॉस्पिटलची तिसरी, आणि तिघांचे वकील एकमेकांवर ढकलताहेत. तक्रारदाराला काही सिद्ध करावं लागतच नाही, तिघं मिळून करून देतात. दोघांनी एकत्र बाहेर यावं हे सगळ्यात स्वस्त जोखीम व्यवस्थापन आहे.

@सर्जन: ओटी बघायला कंपनी येत नाही, ही तक्रार शंभर टक्के रास्त. आगीच्या विम्यासाठी कारखान्यात सर्व्हेअर जातो, हॉस्पिटलात कुणी जात नाही. नोंदी तपासून चांगल्या डॉक्टरला प्रीमियममध्ये सवलत द्यावी, असं आम्ही आतून कुरकुरत होतो. झालं नाही.

---

निशिगंधा

पैशाचा विषय निघालाच आहे तर कोलकात्याची अनुराधा साहांची केस विसरू नका. मृत्यू मे १९९८, अंतिम निकाल ऑक्टोबर २०१३. भरपाई जवळपास ६ कोटी, वर व्याज. त्यातला डॉक्टरांच्या वाट्याचा भाग लाखांत, बाकी मोठा बोजा रुग्णालयावर. पंधरा वर्षं लढायला नवरा स्वतः अमेरिकेतला डॉक्टर होता म्हणून जमलं. माझी आई पंधरा वर्षं लढणार नाही. २०१९ च्या कायद्यात मध्यस्थीची सोय आहे, तिथे विमा कंपनीचा माणूस सही करण्याचा अधिकार घेऊन येतो का, हे कुणी सांगेल?

---

अ‍ॅड_मिरज

क्वचित. येतो तो "वरिष्ठांना विचारून सांगतो" म्हणतो आणि पुढची तारीख घेतो. इथे मात्र मी तुमच्या बाजूने.

---

डोळेवाले_काका

चर्चा वेगळीकडे चाललीय, पण माझा व्यावहारिक प्रश्न आहे. नेत्ररोगतज्ज्ञ, पुढच्या मार्चला दवाखाना बंद करतोय. आता पॉलिसी कशाला भरू, असं मुलगा म्हणतो.

---

दावेदप्तर

भरा. क्लेम्स मेडचा अर्थच हा. दवाखाना बंद झाला तरी तुम्ही फेब्रुवारीत केलेल्या मोतीबिंदूची तक्रार करायला पेशंटला दोन वर्षं असतात, आणि आयोग पटणारं कारण असेल तर उशीर माफही करतो. पॉलिसी संपल्यावर दावा कळवायला बऱ्याच पॉलिसींत ९० दिवस मिळतात, त्याने भागत नाही. रेट्रोॲक्टिव्ह तारीख तीच ठेवून निदान तीन वर्षं नूतनीकरण करत राहा. प्रॅक्टिस बंद आहे हे कंपनीला लेखी कळवा आणि त्यावर प्रीमियम कमी मागा. इंडोअर (दाखल पेशंटचे) केसपेपर नियमाप्रमाणे तीन वर्षं तरी ठेवायचेच. लहान मुलांचे त्याहून जास्त ठेवा. रद्दीवाल्याला आताच बोलावू नका.