तोंड फक्त गिऱ्हाइकाचंच झाकायचं?

अनघा_कोथरूड
काल 'चाळिशीतला' यांनी लिहिलं की मसाज पार्लरला जाणाऱ्याची गोपनीयता हा त्याचा हक्क आहे, धाडीनंतर पोलिसांनी घरी फोन करू नये, आणि सभ्य माणसांना आपापले 'अनुभव' सांगायला जागा हवी. पहिल्या दोन्हींना माझी ना नाही. पण पुढे त्यांनीच लिहिलेला अनुभव वाचा. विमाननगर, कोणत्या दुकानावरचा मजला, मुलगी कोणत्या राज्यातली, मानेवरचं गोंदण, सुट्टीचा वार. शेवटी थाळीला द्यावेत तसे तारे! स्वतःचं आडनावसुद्धा लपवायचं आणि तिचा मागच काढून द्यायचा, ही कुठली सभ्यता?

चाळिशीतला
ताई, नाव कुठे लिहिलंय? तिथली नावं तशीही खोटीच असतात. अनुभव लिहिले की चार माणसं वाचतात. माझ्या मित्राला हजाराचा मसाज सांगून आत नेलं, दार लावलं आणि पंचवीस हजार मागितले. मोबाईल हिसकावून पिन विचारला. तक्रार करायची तर 'तिथे कशाला गेला होतास' हा प्रश्न चौकीवर आधी आणि घरी नंतर. तो गप्प बसला. हे लोक त्या गप्प बसण्यावरच जगतात.

कोर्टाचा_कारकून
मित्राला सांगा, खंडणी ही खंडणीच असते, ती कुठे मागितली याने फरक पडत नाही. आणि 'मी फक्त गिऱ्हाईक' या ढालीवर फार विसंबू नका. 1956 च्या पीटा, म्हणजे अनैतिक देहव्यापार रोखणाऱ्या कायद्यातल्या कलम 7 नुसार शाळा, देऊळ, इस्पितळापासून 200 मीटरच्या आत असाल तर गिऱ्हाईकही आरोपी. केरळ उच्च न्यायालयाने 2025 मध्ये कलम 5, म्हणजे देहव्यापाराला प्रवृत्त करण्याचं कलमसुद्धा गिऱ्हाइकाला लावता येतं असं म्हटलं. मुलगी तस्करी करून आणलेली आहे हे ठाऊक असून गेलात, तर न्याय संहितेचं कलम 144 आहे, 3 ते 7 वर्षं.
राहता राहिली तोंडं. सर्वोच्च न्यायालयाने 19 मे 2022 च्या आदेशात धाडीच्या बातम्यांत या स्त्रियांची ओळख उघड होऊ नये असं बजावलंय. तरी ओढणीत तोंड खुपसलेल्या बायकांचेच फोटो येतात. गिऱ्हाईक रात्री घरी, ती सुधारगृहात. 2020 च्या सप्टेंबरात अशा तीन सज्ञान स्त्रियांना सोडा, हे सांगायला मुंबई उच्च न्यायालय लागलं.

सेक्रेटरी_वाकड
एवढं कायद्याचं पुराण कशाला? आमच्या इमारतीत खाली गाळ्यात हेच सुरू झालं. रात्री अकराला पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये अनोळखी गाड्या, वॉचमनला पन्नासची नोट. पुरुषाला बाईने मसाज करायचाच नाही, असा नियम करा. विषय संपला.

स्वप्ना_फिजिओ
तुमचा संपला असेल, माझा धंदा बसेल! पक्षाघात झालेल्या ऐंशी किलोच्या आजोबांना मी रोज हाताळते, माझ्याऐवजी कोण येणार, तुमचा वॉचमन? दिल्ली सरकारने 2021 मध्ये स्पांसाठी हाच नियम केला होता. डिसेंबरात तिथल्या उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. अशा बंदीने वाईट धंदा थांबत नाही, नीट काम करणाऱ्या मुली तेवढ्या घरी बसतात. फलकावर 'मसाज' लिहिल्यापासून 'आणखी काय काय करता?' असे फोन मलाही येतात. 'एक्स्ट्रा' विचारणाऱ्यांनीच ही वेळ आणलीय, चाळिशीतले साहेब.

मडगांवकर
सेक्रेटरी, गोव्यात या 'क्रॉस मसाज'विरुद्ध, म्हणजे बाईने पुरुषाला किंवा पुरुषाने बाईला केलेल्या मसाजविरुद्ध, कारवाया होतच असतात. तरी कळंगुट-बागाच्या रस्त्यावर संध्याकाळी फिरून या, दलाल दंडाला धरून विचारतील. पर्यटक लुबाडला जातो, सकाळच्या विमानाने गुपचूप परत जातो.

सेक्रेटरी_वाकड
म्हणजे बंदी नीट राबवत नाहीत, एवढंच सिद्ध झालं. आणि फिजिओ वेगळी, मालिशवाली वेगळी. उगाच एकत्र करू नका.

स्वप्ना_फिजिओ
वेगळी कशी ओळखणार? डिग्री बघून की साडी बघून? केरळी आयुर्वेद केंद्रात अभ्यंग करणारी मुलगी डिग्रीवाली नसते, म्हणून ती लगेच 'तसली'? माझी मावशी बाळंतिणींना तेल लावून दोन मुलं शिकवून गेली.

चाळिशीतला
बाळंतीण कुठून आली मध्येच? असो. अनघाताईंच्या समाधानासाठी गोंदण आणि सुट्टीचा वार काढला. मजला राहणार, लोकांना सावध करायचंय.

अनघा_कोथरूड
उपकार झाले. सावधच करायचंय तर दार लावणाऱ्याबद्दल लिहा, पिन विचारणाऱ्याबद्दल लिहा. त्याचं वर्णन मात्र एका ओळीचं नाही! त्याची भीती वाटते, तिची वाटत नाही, एवढाच तुमच्या गोपनीयतेचा हिशेब.

कोर्टाचा_कारकून
हे मात्र खरं. मजलाही काढा, साहेब. उद्या धाड पडली तर तुमचाच मजकूर पंचनाम्याला जोडतील.

सेक्रेटरी_वाकड
फिजिओताई, वाद बाजूला. आईचा गुडघा धरलाय, माझी पाठही. घरी येऊन करता का?

स्वप्ना_फिजिओ
येते की. तुमच्या नियमाप्रमाणे आईंचा गुडघा बघेन, तुमच्या पाठीला वॉचमन बोलवा.