धुळीच्या वादळात थांबल्यावर दिवे चालू ठेवावेत की बंद? मदत हवी आहे

वाटसरू: काल दुपारी लांबवर गडगडाट ऐकू येत असतानाच समोरून तपकिरी भिंतीसारखी धूळ चालून आली आणि काही सेकंदांत पुढचा रस्ता दिसेनासा झाला. दिवा चालू ठेवून मी कडेला थांबलो, तर मागून आलेला ट्रक हातभर अंतरावरून गेला. परवा पुन्हा त्याच रस्त्याने जायचे आहे. थांबल्यावर दिवे चालू ठेवायचे की बंद, एवढेच कृपया लवकर सांगावे. प्रवास टाळा, हे उत्तर नको आहे.

दीपमाळ: अर्थातच चालू ठेवावेत, शिवाय चारही इंडिकेटर लावावेत. धुक्यात मी वर्षानुवर्षे असाच थांबत आलो आहे.

सावधचित्त: हा सल्ला घातक आहे. काहीच दिसत नसताना मागचा चालक पुढच्या लाल दिव्याचा माग धरतो आणि ते वाहन धावते आहे असे समजून थेट त्यावर येऊन आदळतो. म्हणूनच अमेरिकेतील ॲरिझोना राज्याचा परिवहन विभाग सांगतो की, वाहन रस्त्यापासून शक्य तितके दूर न्यावे, सर्व दिवे बंद करावेत, हँडब्रेक ओढावा आणि ब्रेकवरचा पाय काढावा, कारण पाय तसाच राहिला तर मागचा दिवा पेटलेलाच राहतो.

दीपमाळ: आणि बाजूला उतरायला जागाच नसेल तर?

सावधचित्त: मग दिवे लावून, मधल्या पट्ट्याच्या आधाराने, अधूनमधून हॉर्न वाजवत, जागा मिळेपर्यंत वाहन अगदी हळू चालवत राहावे, वाहतुकीच्या मार्गिकेत मात्र थांबू नये. ताशी 80 किलोमीटर वेगात वाहन सेकंदाला सुमारे 22 मीटर जाते. पन्नास मीटरवरचेच दिसत असेल, तर विचार करायलाही जेमतेम दोन सेकंद मिळतात.

मेघदर्शी: धागाकर्त्यांनी गडगडाटाचा उल्लेख केला आहे, तो महत्त्वाचा आहे. ढगातून पडणारा पाऊस वाटेतच कोरड्या हवेत विरतो, त्यामुळे हवा थंड व जड होऊन वेगाने खाली कोसळते, जमिनीवर आपटून चहूकडे पसरते आणि मोकळी माती उचलते. अशा वादळाला हबूब म्हणतात. शब्द अरबी आहे. 5 जुलै 2011 रोजी ॲरिझोनातील फीनिक्स शहरावर आलेल्या हबूबची उंची दीड किलोमीटरच्या आसपास होती. भिंत दूर दिसते तेव्हाच रस्ता सोडावा, कारण ती आपल्या अंदाजापेक्षा लवकर पोहोचते.

दीपमाळ: मे 2023 मध्ये अमेरिकेतल्याच इलिनॉय राज्यातील महामार्गावर सत्तरएक वाहने एकमेकांवर आदळली, तिथेही हेच झाले असणार.

मेघदर्शी: नाही. तिथे मेघगर्जना नव्हती. जोरदार वाऱ्याने नांगरलेल्या शेतांतील माती उडाली होती. चालकाला धोका तोच, पण पूर्वसूचना देणारा ढग नव्हता.

स्वच्छवारा: माझ्या मते केबिनचा एअर फिल्टर बदलणे सर्वांत निकडीचे आहे. खिडक्या बंद करून आतलीच हवा फिरती ठेवावी.

वाटसरू: कोणती केबिन? माझी मोटारसायकल आहे!

सावधचित्त: हे पहिल्याच ओळीत लिहायला हवे होते. 'दिवा' असे एकवचन वाचूनही माझ्या ध्यानात आले नाही, हा माझाही दोष. मग उत्तर बदलते. अनेक मोटारसायकलींचा दिवा इंजिन चालू असेपर्यंत विझत नाही, म्हणून ती रस्त्यापासून दूर ढकलून किल्लीच बंद करावी. तिच्याजवळ थांबू नये. आणखी आत जाऊन, रस्त्याकडे पाठ न करता, हेल्मेट न काढता, नाकातोंडाला कापड बांधून खाली बसावे.

मेघदर्शी: झाडाखाली मात्र बसू नये, कारण धुळीमागून वीज येते. त्यानंतर पाऊस आलाच, तर रस्त्यावर बसलेल्या धुळीचा निसरडा चिखल होतो, त्यामुळे दिसू लागताच वेग घेऊ नये.

दीपमाळ: मोटारसायकल म्हटल्यावर मी इंडिकेटरचा आग्रह सोडतो. मोटारीबाबत अजून पटलेले नाही.