मदत हवी आहे: आजीच्या बहिणीची जुनी जन्मनोंद कुठे शोधावी?

माझा भाऊ इंग्लंडमध्ये स्विंडनला राहतो. तिथे गोंयकार भरपूर, त्यामुळे शेजारी फोंड्याचे निघाले यात नवल नाही. नवल पुढे आहे. त्यांच्या भिंतीवर कवळ्याच्या शांतादुर्गेच्या दीपमाळेपाशी काढलेला एक फोटो आहे. तोच आमच्या माजघरात आहे! त्यात डावीकडे डोळे मिटून उभी असलेली मुलगी म्हणजे त्यांची पणजी. आमच्याकडे तिला आजीची धाकटी बहीण म्हणतात.

घरच्या म्हाताऱ्यांना विचारून झालं. प्रत्येकजण तिचं वेगळंच नाव सांगतो. देवळाच्या महाजनांच्या (वंशपरंपरेने देवळाचे सभासद असलेल्यांच्या) यादीत पुरुषांचीच नावं सापडली. गोव्यात 1914 पासून जन्मनोंदणी सक्तीची होती, म्हणजे नोंद असायला हवी. जन्म 1925 ते 1930 मधला, गाव कवळे. वडिलांचं नाव पक्कं माहीत आहे, मुलीचं माहेरचं नाव नाही. त्या काळच्या नोंदी पोर्तुगीजमध्ये, आणि ती आम्हाला वाचता येत नाही. डीएनए चाचणी नको, दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांना आवडणार नाही.

भाऊ चवथीला दहाच दिवस येतोय. एवढ्या जुन्या नोंदी फोंड्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे मिळतात की पणजीच्या पुराभिलेख खात्यात? आणि फक्त वडिलांच्या नावावरून शोध घेऊ देतात का?