मदत हवी आहे: मॅचसाठी चक्क्याचं डिप आणि सोपा खाऊ

नमस्कार मंडळी, शनिवारी भारताची टी-२० बघायला आमच्याकडे पंधरा जण जमणार आहेत, त्यात चार लहान मुलं. जामठ्याला, म्हणजे नागपूरच्या क्रिकेट स्टेडियमवर, जायचा उत्साह सगळ्यांनाच असतो, पण सासूबाईंना पायऱ्या झेपत नाहीत, म्हणून घरीच.

मला मॅच बघायची आहे, स्वयंपाकघरात उभं राहायचं नाही! मधल्या सुट्टीतली वीस मिनिटं तेवढी हातात असतात, तेव्हा तर्री-पोहे वाढेन. बाकी सगळं आधी करून ठेवता येईल असं सांगा.

अडचण डिपची आहे. मागच्या वेळी दही रात्रभर टांगून घट्ट चक्का केला, त्यात लसूण, सांबार (म्हणजे कोथिंबीर), हिरव्या मिरचीचा ठेचा आणि मीठ सकाळीच कालवलं. दहाव्या ओव्हरपर्यंत वाटीत कडेने पाणी सुटलं आणि गाजराच्या फोडींवरून डिप घसरायला लागलं. मीठ ऐनवेळी घातलं तर पुरेल, की भाजलेल्या डाळ्याचं पीठ चमचाभर मिसळू? चव बदलते का?

आणि सांबारवडी दुपारी तळून रात्री कुरकुरीत राहते का? मुलांसाठी बिनतिखट काय करावं, तेही सांगा. घरी ओव्हन नाही.